सेवेचे फळ आणि सेवेचा आग्रह

मनुष्याने सत्कर्म करावे, याविषयी कोणत्याही आस्तिक गृहस्थाच्या मनात शंका नसते. शंका उत्पन्न होते ती निराळ्या ठिकाणी. सत्कर्माचा संकल्प झाला, साहित्य जमले, घरातील लहानथोर एका विचाराचे झाले. आणि ज्याच्यासाठी हे सारे केले त्यानेच हात जोडून ‘नको’ म्हटले, तर त्या वेळी कर्त्याच्या चित्ताची स्थिती कशी असावी? आपले दान घेतले जावे, हा दात्याचा अधिकार आहे काय? तो अधिकार नसेल, तर शुद्ध हेतूने सिद्ध केलेले ते दान व्यर्थ गेले असे म्हणावयाचे काय? वरवर पाहता हा प्रश्न लहान वाटतो. परंतु निष्काम कर्माचा उपदेश नित्य श्रवण करणाऱ्या गृहस्थाची खरी परीक्षा बहुधा अशाच लहान प्रसंगी होत असते.

प्रश्नाचे स्वरूप नीट ध्यानात यावे म्हणून एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. पुण्याच्या एका उपनगरात राहणारे हे कुटुंब. पती नोकरी करणारा, पत्नी घर सांभाळून शिकवण्या घेणारी, एक मुलगा व एक मुलगी शाळेत जाणारी, आणि पतीची वृद्ध आई. घरात देवपूजा आहे, सणवार आहेत, सायंकाळी दिवा लागतो. वर्षातून एक दिवस सर्वांनी मिळून काही सेवा करावी, मुलांनाही तिचे वळण लागावे, असे पतीच्या मनात आले. हा विचार सर्वथा स्तुत्य होता. पालखीच्या वाटेवर वारकऱ्यांना भोजन द्यावे असे ठरले.

महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. आषाढ शुद्ध एकादशीस पंढरपुरी पोहोचण्यासाठी श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या पादुकांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवते. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे तो आषाढाचा कृष्ण पक्ष होय. पुण्यातील दोन मुक्काम आटोपून ती सासवडकडे निघते तो दिवस बहुधा योगिनी एकादशीचा असतो. सुमारे ३० किलोमीटरांची ती मजल, आणि तिच्यात दिवेघाटाची चढण. रथ घाट चढावा म्हणून त्या दिवशी त्याला बैलांच्या जादा जोड्या लावाव्या लागतात. वारकरी मात्र आपल्याच पायांवर चढतो. गळ्यात तुळशीची माळ, नेमाची वारी आणि एकादशीचे व्रत ही त्याच्या जीवनाची खूण आहे.

कुटुंबाने निवडला तो रविवार नेमका हाच दिवस होता. आदल्या रात्री कणकेचे डबे मोजले जात असताना आई म्हणाली, “अरे, उद्या एकादशी आहे. माळकरी पुरी कशी घेतील?” मुलाने हसून उत्तर दिले, “आई, तू यात लक्ष घालू नकोस. देणाऱ्याचा भाव शुद्ध असला म्हणजे तिथी आड येत नाही. शिवाय मला रजा दुसऱ्या कोणत्या दिवशी मिळणार?” आई पुढे काही बोलली नाही. रात्री दोनच्या सुमारास शेगड्या पेटल्या. शेजारच्या दोन बायका मदतीस आल्या. पहाटेपर्यंत दोनशे माणसांना पुरतील इतक्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा तयार झाला. भाड्याच्या टेम्पोत पातेली चढली आणि घरची सर्व मंडळी घाटाच्या पायथ्याशी, वडकीजवळ, रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. ‘वारकऱ्यांसाठी मोफत भोजन’ असा फलकही बरोबर आणला होता. छायाचित्रे काढण्याचे काम मुलाकडे होते.

दिंड्या येऊ लागल्या. टाळ-मृदंगाचा गजर, खांद्यावर पताका, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका. पती पुढे होऊन पत्रावळ देऊ लागला. वारकरी थांबत, फलकाकडे पाहत, हात जोडीत, ‘माउली, माउली’ म्हणत आणि पुढे जात. उपवास नसलेल्या थोड्या लोकांनी घेतले, काही मुलांनी शिरा घेतला. बाकीच्यांच्या फराळाची सोय त्यांच्या त्यांच्या दिंडीनेच केलेली होती. प्रत्येक दिंडीची स्वतःची शिस्त असते. वारकरी तिच्यात भिशी भरतो आणि त्याच्या पंगतीची चिंता दिंडी वाहते. हे त्या कुटुंबास ठाऊक नव्हते, कारण ते कोणास विचारलेच नव्हते.

एक तास गेला, दीड तास गेला. झाकणे काढलेली पातेली तशीच होती. पतीने अखेर एका वृद्ध वारकऱ्याचा मार्ग जवळजवळ अडविला. “बाबा, एवढ्या पहाटे उठून केले आहे. दोन पुऱ्या तरी घ्या. पांडुरंगाला चालते हो!” म्हातारा थांबला. त्याने पत्रावळीला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाला, “माउली, तुमचं दान देवाला पावलं. पर आज एकादस हाय. चाळीस वर्सं मोडली न्हाई, आज कशी मोडू?” असे म्हणून तो पुढे निघाला. पतीचा चेहरा उतरला. तो पत्नीकडे वळून म्हणाला, “या लोकांना किंमतच नाही. आपण उगीच रात्रभर जागलो.”

इतका वेळ टेम्पोच्या कडेला बसलेली आई यावेळी उठली. तिने आपल्या पिशवीतून तेलाची बाटली काढली. रस्त्याच्या कडेला एक वारकरी बाई दगडावर बसून टाच दाबीत होती. आई तिच्यापुढे खाली बसली, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि भेगांना तेल चोळू लागली. काही वेळाने दुसरी बाई येऊन बसली, मग तिसरी. नातीने पाण्याची कळशी आणली. नातवाने हातातील यंत्र खिशात ठेवले आणि तो पाय धुवावयास पाणी घालू लागला. सुनेने पदर खोचला. ज्या फलकाखाली कोणी थांबत नव्हते, त्याच्यापासून पाच पावलांवर माणसांची रांग लागली. पती मात्र बराच वेळ हाताची घडी घालून पातेल्यांजवळच उभा होता.

दुपार टळली. आईच्या हातून जिचे पाय चोळून झाले होते अशी एक मध्यमवयीन शेतकरी बाई उठता उठता थबकली. तिने आईच्या गळ्यातील माळ पाहिली, तिच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिले आणि विचारले, “आज्जी, तुमचा बी उपास हाय न्हवं? सकाळपासनं काय खाल्लंसा?” आई नुसती हसली. त्या बाईने आपल्या गाठोड्यातून फडक्यात बांधलेले उकडलेले रताळे काढले, त्याचे दोन तुकडे केले, मोठा तुकडा आईच्या हातावर ठेवला आणि ती आपल्या दिंडीकडे चालू लागली.

हे दृश्य पतीने पाहिले. दोनशे माणसांचा स्वयंपाक ज्या घरात झाला, त्या घरात एका उपवाशी म्हातारीसाठी मूठभर भगर शिजली नव्हती. उपवास कोणाचा आहे, हे घरच्या माणसाला आठवले नाही. ते रस्त्यावरून जाणाऱ्या, पायांस फोड आलेल्या एका परक्या बाईने ओळखले. जे द्यावयास आले होते त्यांच्याच घरातील माणूस घेणारा ठरला, आणि जिला घेणारी समजले होते ती देणारी ठरली.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पती जवळ आला. काही न बोलता त्याने कळशी उचलली आणि तो पाणी आणू लागला. पालखी घाट चढून गेल्यावर रस्ता झाडणारे सफाई कामगार आले. मागे राहिलेले वाहनचालक आले, बंदोबस्ताचे शिपाई आले. सकाळपासून त्यांना जेवणाचे कोणी विचारले नव्हते. त्यांपैकी पुष्कळांनी पुऱ्या आनंदाने घेतल्या. परंतु भाजी तोपर्यंत आंबली होती. ती टाकून द्यावी लागली. सर्व काही गोड झाले, असे त्या दिवसाविषयी म्हणता येणार नाही.

या प्रसंगाचा आता शांतपणे विचार करावा. पतीचा मुख्य आधार होता तो भावाचा. भाव शुद्ध असला म्हणजे बाकीचे गौण होय, असे त्याचे म्हणणे. या म्हणण्यास शास्त्राचा पाठिंबा नाही असे नाही. भक्ताने प्रेमाने अर्पिलेले पान, फूल, फळ किंवा पाणी आपण ग्रहण करतो, असे श्रीभगवंतांनी नवव्या अध्यायात सांगितले आहे. सुदाम्याचे पोहे आणि शबरीची बोरे सर्वांस परिचित आहेत. परंतु येथे एक सूक्ष्म भेद विसरला जातो. परमेश्वराला भूक नाही, रोग नाही, व्रत नाही, उणीव नाही. त्याला वस्तूची गरज नसल्यामुळे तो केवळ भाव घेतो. हे त्या घेणाऱ्याचे औदार्य आहे, देणाऱ्याचा हक्क नव्हे. मनुष्याची गोष्ट निराळी आहे. त्याला शरीर आहे, त्या शरीराचे धर्म आहेत. त्याने घेतलेले नेम आहेत, त्याची लाज आहे, त्याचा स्वाभिमान आहे. मधुमेह्याला प्रेमाने दिलेला लाडू प्रेमामुळे पथ्यकर होत नाही. म्हणून देवापुढे भाव पुरतो. माणसापुढे भावाच्या जोडीला ज्ञान लागते, आणि ते ज्ञान मिळविण्याचा सरळ मार्ग म्हणजे ज्याला द्यावयाचे त्याला नम्रपणे विचारणे हा होय.

सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्यच आहे अशा बुद्धीने, ज्याच्याकडून परत उपकाराची अपेक्षा नाही अशाला, योग्य देश, काल आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक. परतफेडीच्या आशेने, फळावर दृष्टी ठेवून किंवा मनाला क्लेश करून घेत दिलेले ते राजस. आणि अयोग्य स्थळी, अवेळी, अपात्राला, सत्कार न करता किंवा अवहेलनेने दिलेले ते तामस. पुष्कळ वाचक असे समजतात की हे तीन प्रकार तीन निरनिराळ्या माणसांचे आहेत. वस्तुतः एकच मनुष्य एकाच तासात या तिन्ही पायऱ्या उतरू शकतो. पहाटे शेगडीपुढे बसलेला तो गृहस्थ सात्त्विकाच्या उंबरठ्यावर होता. फक्त कालाचा विचार त्याने टाळला होता. पत्रावळी परत येऊ लागल्या तेव्हा त्याच्या मनाला क्लेश झाले, केलेल्या श्रमांचा हिशेब जागा झाला. म्हणजे दान राजस झाले. आणि ‘या लोकांना किंमत नाही’ हे शब्द बाहेर पडले त्या क्षणी, ज्यांची सेवा करावयाची त्यांचीच अवज्ञा झाली. पुऱ्या त्याच होत्या, तूप तेच होते, मनुष्यही तोच होता. बदलली ती वृत्ती. आणि वृत्ती बदलण्यास एक साधा नकार पुरेसा झाला.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर हाती येते. कर्मावर मनुष्याचा अधिकार आहे, फळावर नाही, हे दुसऱ्या अध्यायातील तत्त्व लहान मुलांनाही पाठ असते. परंतु फळ म्हणजे काय, याचा विचार क्वचितच होतो. फळ म्हणजे धन, कीर्ती, पुण्य किंवा स्वर्ग, असे सामान्यतः समजले जाते. या कुटुंबाला यांपैकी काहीच नको होते असे धरले, तरी एक फळ त्यांना हवेच होते. आपण दिलेले, आपण ठरविलेल्या रूपात, आपण नेमलेल्या दिवशी, घेतले जावे, हे ते फळ. हे इतके सूक्ष्म असते की कर्त्याला ते फळ वाटतच नाही. तो त्याला सेवेचाच एक भाग समजतो. म्हणूनच ते अधिक धोक्याचे. कीर्तीची इच्छा ओळखता येते आणि ती लपविण्याची लाजही वाटते. परंतु ‘माझी सेवा स्वीकारा’ हा आग्रह सद्गुणाचे वस्त्र पांघरून येतो. दिलेले घेतले जाणे हेही फळच आहे. मनुष्याचा अधिकार देण्यास सिद्ध होण्यापुरता आहे. घेणे हा दुसऱ्याचा अधिकार आहे, आणि न घेणे हाही त्याचाच.

महाभारताच्या उद्योगपर्वात या तत्त्वाचे एक मार्मिक उदाहरण आहे. शिष्टाईसाठी भगवान श्रीकृष्ण हस्तिनापुरास आले असता दुर्योधनाने त्यांच्या भोजनाची मोठी सिद्धता केली. भगवंतांनी ते भोजन नाकारले आणि ते विदुराच्या घरी गेले. अन्न प्रीतीने खावे किंवा संकटात सापडलेल्याने खावे. येथे प्रीतीही नाही आणि संकटही नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. दुर्योधनाला त्या नकाराचे कारण समजले नाही. अन्न उत्तम आहे, पाहुणा योग्य आहे, मग न घेण्याचे प्रयोजन काय, असे त्याला वाटले. घरातील पती दुर्योधन नव्हता, हे सांगावयास नकोच. परंतु नाकारलेल्या ताटाकडे पाहताना जो राग येतो, त्याचे बीज दोन्हीकडे एकच आहे. आपल्या ताटाची थोरवी ठाऊक असलेल्या यजमानाला पाहुण्याचे मन ठाऊक करून घेण्याची गरज भासत नाही.

याच्या उलट श्रीएकनाथमहाराजांची कथा आहे. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन ती रामेश्वरास वाहण्याचा संकल्प; वाटेत तहानेने तळमळणारे एक गाढव; आणि नाथांनी ती कावड त्याच्या मुखात रिती केली, असे परंपरा सांगते. या कथेचे मर्म सामान्यतः भूतदया म्हणून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एवढी दीर्घ वाट चालून, एवढे श्रम करून जपलेल्या संकल्पाचे रूप ऐनवेळी सोडून देण्यास त्यांना कष्ट पडले नाहीत. संकल्प ईश्वराचा होता, म्हणून ईश्वर ज्या रूपाने समोर आला त्या रूपाला तो अर्पण झाला. संकल्प ‘माझा’ असता तर गाढव हे त्यातील विघ्न ठरले असते.

आग्रहाच्या सेवेचे परिणाम एका कुटुंबापुरते मर्यादित राहत नाहीत. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामीची आपत्ती आली, त्यानंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून मदत वाहू लागली. तिच्यात जुन्या कपड्यांचे इतके ढीग आले की त्यांपैकी पुष्कळ रस्त्याच्या कडेला पडून राहिले, कारण ते तेथील कोळी कुटुंबांच्या उपयोगाचे नव्हते. ज्यांच्या नावा आणि जाळी समुद्राने नेली होती त्यांना उभे राहण्यासाठी नाव आणि जाळे हवे होते. कपडे पाठविणाऱ्यांच्या मनात करुणा नव्हती असे कोण म्हणेल? परंतु त्या करुणेने आपल्याच कपाटाकडे पाहिले. ज्याच्यासाठी ती द्रवली होती त्याच्याकडे पाहिले नाही.

वारीच्या वाटेवर मात्र याहून शहाणी सेवा पिढ्यान्पिढ्या चालत आलेली दिसते. पुण्यात पालखीचा मुक्काम असतो तेव्हा कोणी चर्मकार वारकऱ्यांच्या वहाणा विनामूल्य शिवून देतात, कोणी नाभिक दाढी-हजामत करतात, कोणी थकलेले पाय चोळतात. या सेवेला फलक लागत नाही. उघड्या पायाला काय हवे, ते पायाकडे पाहूनच समजते. त्या वृद्ध मातेनेही दुसरे काही केले नाही. तिने पिशवीत तेल घेतले, कारण एकादशीला माळकरी काय घेणार नाही आणि काय घेईल, हे तिला स्वतःच्या व्रतामुळे ठाऊक होते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, असा बारीक विचार करीत बसल्यास सामान्य मनुष्य सेवेला प्रवृत्तच होणार नाही. चुकेल म्हणून देऊ नये, नाकारले जाईल म्हणून पुढे होऊ नये, असा आळसाला अनुकूल अर्थ यातून निघेल. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. त्याचे उत्तर अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याच्या लक्षणात सापडते. तो आसक्तिरहित असतो, ‘मी केले’ असे म्हणत नाही, सिद्धी आणि असिद्धी यांत त्याचे चित्त विकार पावत नाही. परंतु त्याच बरोबर तो धैर्य आणि उत्साह यांनी युक्त असतो. अनासक्ती आणि उत्साह ही दोन्ही एकत्र सांगितली आहेत, हे विशेष. नकार मिळाल्यावर जो रुसून हाताची घडी घालतो त्याचा उत्साह वस्तुतः फळावर पोसलेला होता. फळ गेले तेव्हा तोही गेला. जो एक काम नाकारले जाताच समोर पडलेले दुसरे काम उचलतो, त्याचाच उत्साह कर्मावर पोसलेला असतो. म्हणून चुकीच्या भीतीने सेवा सोडू नये. सेवेतील हट्ट तेवढा सोडावा. त्या पतीचे पुऱ्या करणे हे पाप नव्हते. त्या पुऱ्यांनीच संध्याकाळी सफाई कामगारांची भूक भागली. चूक होती ती आईचे न ऐकण्यात, वारकऱ्याचे व्रत मोडू पाहण्यात, आणि घडीव हात तेवढा वेळ घडीतच ठेवण्यात.

आता उरला तो या प्रसंगातील सर्वांत नाजूक भाग. वारकऱ्यांच्या तिथीची आठवण आईने करून दिली होती. ती ऐकली गेली नाही, कारण ती घरातून आली होती. बाहेरच्या सेवेचा उत्साह पुष्कळदा घरच्या सेवेच्या विस्मरणावर उभा असतो. बाहेरच्याला दिलेला घास दिसतो. घरच्या म्हातारीला विचारलेला एक प्रश्न दिसत नाही, त्याचे छायाचित्र निघत नाही. म्हणून मन पहिल्याकडे धाव घेते.

आश्वमेधिकपर्वातील नकुलाची कथा गृहस्थांनी या दृष्टीने पुन्हा वाचावी. युधिष्ठिराच्या अश्वमेधाची सर्वत्र वाखाणणी होत असता अर्धे अंग सोन्याचे असलेला एक मुंगूस तेथे आला आणि म्हणाला की, हा यज्ञ कुरुक्षेत्रातील एका दरिद्री कुटुंबाच्या सातूच्या बरोबरीचा नाही. शेतात पडलेले दाणे वेचून राहणारे ते कुटुंब: ब्राह्मण, त्याची पत्नी, पुत्र आणि स्नुषा. कित्येक दिवसांच्या उपवासानंतर हाती आलेल्या थोड्या सातूचे त्यांनी चार समान वाटे केले, तोच अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला. अतिथीचे पोट भरले नाही. मग पत्नीने, मग पुत्राने, शेवटी सुनेने आपापला वाटा दिला. या कथेतील त्याग सर्वांना दिसतो. परंतु तिच्यात दोन गोष्टी आणखी आहेत. पहिली ही की, किती द्यावयाचे हे त्या कुटुंबाने ठरविले नाही. ते अतिथीच्या भुकेने ठरविले. दुसरी ही की, पत्नीचा वाटा घेताना तो ब्राह्मण कचरला. ती भुकेने कृश झाली आहे, श्रमाने थकली आहे, हे त्याला दिसत होते. सुनेचा वाटा घेतानाही त्याचे मन तसेच कचरले. अतिथीसमोर उभा असताना त्याची दृष्टी घरच्या माणसांवरून हटली नव्हती. तेथे घर आणि अतिथी यांत विरोध नव्हता, कारण दोन्हीकडे पाहणारा डोळा एकच होता. ज्या डोळ्याला घरातील भूक दिसत नाही, त्याला रस्त्यावरील भूकही खरी दिसत नाही. त्याला स्वतःची पातेलीच दिसतात.

गृहस्थाश्रमात राहून सेवा करू इच्छिणाऱ्यांनी या विवेचनातून चार गोष्टी मनात ठेवाव्यात. सेवेचा दिवस आपल्या सवडीने ठरविण्यापूर्वी ज्याची सेवा करावयाची त्याचा दिवस, त्याचा नेम आणि त्याची गरज विचारून घ्यावी. घरातून निघताना घरात कोण उपाशी आहे, कोण आजारी आहे, कोणाचे म्हणणे ऐकावयाचे राहिले आहे, हे पाहावे. दिलेले नाकारले गेले तर तो आपला अपमान न मानता, समोर दुसरे कोणते काम पडले आहे ते पाहावे आणि ते लहान असले तरी उचलावे. आणि कोणी आपल्याला काही देऊ लागला, तर ते नम्रपणे घ्यावे. कारण ज्याला घेता येत नाही त्याला घेणाऱ्याचे मन कधी समजत नाही, आणि ते समजल्यावाचून देणे साधत नाही. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात सर्वांनी आपापली कामे वाटून घेतली तेव्हा अग्रपूजेचा मान ज्यांना मिळावयाचा होता त्या श्रीकृष्णांनी आलेल्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम आपल्याकडे घेतले. त्या मातेने रस्त्याच्या कडेला तेच काम केले, आणि ते कोणी नेमून दिले नव्हते.

त्या रात्री ते कुटुंब घरी परतले तेव्हा टेम्पोत रिकामी पातेली होती, घडी करून ठेवलेला फलक होता, आणि आईच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेला रताळ्याचा अर्धा तुकडा होता. तिने तो नातवंडांसाठी राखून ठेवला होता. सुनेने घरात शिरताच हातपाय धुतले आणि काही न बोलता भगर निवडावयास घेतली. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “आई, पारण्याला उद्या काय करू?”

दोनशे पत्रावळींच्या संकल्पातून त्या घराला लाभले ते एवढेच. सेवेच्या वाटेवर निघालेल्या गृहस्थाने, फळाची आशा सोडून, हे एवढेसुद्धा मिळाले तर ते श्रीहरीचा प्रसाद म्हणून घ्यावे.